मावशींचा दुसरा राऊंड

मंगळवारी सकाळी सव्वादहाला, पुरुषांच्या वॉर्डात, नऊ नंबरच्या खाटेपाशी मावशींना इंग्रजी कळलं. आणि असं कळलं, की हातातलं फडकं बादलीत पडायचं ते बादलीबाहेर पडलं, आणि ते उचलायचं सोडून मावशी खाटेच्या लोखंडी कठड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी काय असं उभ्या उभ्या कळतं होय? नाही कळत. सात महिने घासलं होतं त्यांनी. पण त्या सात महिन्यांत सुटे शब्द कळले, पाट्या कळल्या, बाटल्यांवरची अक्षरं कळली. मग एका दिवशी समोरचा माणूस बोलतो आणि त्याचं आख्खं वाक्य आत येऊन बसतं. ऊठ म्हटलं तरी उठत नाही.

आधी मावशी कोण ते सांगतो, नाहीतर एवढ्याशा गोष्टीनं बाईची दातखीळ का बसली, ते तुमच्या लक्षात यायचं नाही.

त्या रुग्णालयात मावशींना अठरा वर्षं झाली होती. चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, भांडी द्यायची-घ्यायची, ज्याला कुणी नाही त्याला चार घास भरवायचे. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं होतं. बाकी सगळ्या वॉर्डाच्या त्या मावशी. पेशंट ऐंशी वर्षांचा असला तरी मावशीच.

रोज दहाला मोठ्या डॉक्टरांचा राऊंड निघायचा. मागे दोन-तीन शिकाऊ डॉक्टर आणि सिस्टर. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, आपापसांत दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं, की पुढची खाट. पेशंट बिचारा मधे पडून सगळ्यांच्या तोंडांकडे बघायचा, जणू शेजाऱ्याच्या घरचं चाललंय. राऊंड दाराबाहेर गेला रे गेला, की वॉर्डभर एकच प्रश्न उठायचा. "मावशी, काय म्हणाले?"

सिस्टरला विचारून उपयोग नव्हता. "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर तिच्या जिभेवर तयार असायचं. पहिले काही दिवस मावशीही "मला काय कळतंय त्यातलं" म्हणायच्या. मग एकदा एक म्हातारा त्यावर लहान पोरासारखा रडायला लागला. मावशींना बघवेना. त्या म्हणाल्या, "बरं चाललंय म्हणाले, जेवायला सांगितलंय." म्हातारा जेवला. झालं, तिथून ते कामच त्यांच्या गळ्यात पडलं. डॉक्टर गेले की मावशी फडकं घेऊन एक नंबरपासून निघायच्या आणि पुसता पुसता प्रत्येकाला त्याची बातमी द्यायच्या. पेशंट त्याला दुसरा राऊंड म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा याचीच जास्त वाट बघायचे.

मावशी हवेतून थापा मारायच्या असं मात्र समजू नका. त्यांचं शास्त्र होतं. अठरा वर्षं मोठे डॉक्टर तेच, त्यामुळे त्या माणसाचं तोंड त्यांना पाठ होतं. कपाळाला आठी पडली की औषध बदलणार. फाइल मागेपुढे चाळली की नवी तपासणी. पेन हनुवटीवर टेकलं की डॉक्टरांनाच काही कळत नाहीये. आणि सगळ्यांत चांगली खूण म्हणजे, आवाज एकदम मऊ व्हायचा, डॉक्टर पेशंटकडे बघून जरासे हसायचे आणि जाताना खाटेच्या कठड्यावर दोन बोटांनी टकटक करायचे. अशी टकटक झाली की तो पेशंट आठ-दहा दिवसांत घरी गेलाच म्हणून समजा. अठरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. म्हणून टकटक ऐकली की मावशींचाच चेहरा खुलायचा. "तयारीला लागा," त्या सांगायच्या, "डॉक्टर खूश आहेत तुमच्यावर. आता घरी जायचं, बरं व्हायचं." आणि तो माणूस खरोखर घरी जायचा. मावशी फाटकापर्यंत पोचवायला जायच्या. डॉक्टरांचं एक वेळ चुकेल, मावशींचं नाही, असं लोक म्हणायचे. मावशी काही नको-नको करायच्या नाहीत.

इंग्रजीच्या वर्गाला त्या गेल्या त्या पायांसाठी. रुग्णालयानं कामगारांसाठी कँटीनच्या हॉलमध्ये संध्याकाळचा वर्ग सुरू केला आणि जो बसेल त्याला अर्धा तास लवकर सुटी दिली. अर्धा तास खुर्चीवर बसायला मिळतंय म्हटल्यावर मावशी इंग्रजीच काय, घोड्यावर बसायलाही शिकल्या असत्या. शिकवायला एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होत्या. सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणायचे. आवाज असा स्वच्छ, की मागच्या बाकावरच्यालाही वाटावं, आपल्याच कानात बोलतायत.

पहिले दोन महिने मावशींनी बाईंना हैराण केलं. "अक्षर लिहिलंय आणि ते म्हणायचं नाही? मग लिहिलंय कशाला, शोभेला?" बाई म्हणायच्या, "असतं तसं." मावशी म्हणायच्या, "आमच्या वॉर्डात असं काम न करणारं कुणी ठेवून घेत नाहीत." पण गोडी लागली. फरशी पुसताना शब्द म्हणायच्या, दर लादीला एक. घरी नवऱ्याला चहा देताना "प्लीज टेक" म्हणायच्या. नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो म्हणायचा, "एवढ्या मानानं चहा मिळतोय, काय मोडून ठेवलंयस ते आधी सांग."

चौथ्या महिन्यात एक गंमत झाली. धोबीखोलीच्या दारावर एक पितळी इंग्रजी पाटी होती. रुग्णालय बांधून देणाऱ्या कुणा दानशूर माणसाचं नाव आहे ते, असं मावशींनी पहिल्याच दिवशी मनाशी धरलं होतं, आणि अठरा वर्षं रोज सकाळी ती पाटी आदरानं पुसली होती. त्या दिवशी पुसता पुसता अक्षरं जुळली. पाटीवर लिहिलं होतं, दार बंद ठेवा. मावशी जिन्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. नवऱ्याला सांगितलं तर तो तेव्हापासून रोज घराचं दार लावून दाराला नमस्कार करायला लागला.

तेव्हा हसू आलं. आपण आणखी काय काय असं मनाशी धरून पुसत आलोय, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. तो आला मंगळवारी.

नऊ नंबरच्या खाटेवर घड्याळवाले काका होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पोटाच्या दुखण्यानं तीन आठवड्यांपासून पडून होते. आल्या आल्या वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ बंद बघून ते अस्वस्थ झाले. मग मावशींना स्टुलावर चढवून, खाटेवरून एकेक स्क्रू सांगत, त्यांनी ते चालू करून घेतलं. "डावीकडचा. डावा, मावशी. तुमचा डावा, माझा नव्हे." तेव्हापासून दोघांची गट्टी होती.

काकांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, दोघांनी एकमेकांना सांभाळलेलं. ती लांबच्या शहरात शाळेत शिकवायची. तिथून यायला एक पूर्ण दिवस लागायचा आणि शाळेत परीक्षा चालू होत्या. रोज संध्याकाळी तिचा फोन. "बाबा, येऊ का मी?" आधी काका म्हणायचे, बघू. पण मागच्या शुक्रवारी डॉक्टरांनी नऊ नंबरच्या कठड्यावर टकटक केली, मावशींनी आनंदानं बातमी दिली, आणि काकांनी मुलीला सांगून टाकलं, "अजिबात येऊ नको. आठ दिवसांत मी घरी. सुटी लागली की घरीच ये, निवांत." मुलीला खरं वाटेना, तेव्हा मावशींनी स्वतः फोन हातात घेतला. "ताई, काळजी सोडा. डॉक्टर हसत होते."

आणि मंगळवारी राऊंडला एक नवीन शिकाऊ डॉक्टर आली होती. तिला लिहून घ्यायचं होतं, म्हणून मोठे डॉक्टर एकेक शब्द सुटा करून बोलले, थेट ऑपरेटरबाई धडा सांगायच्या तसे. "देअर इज नथिंग मोअर वी कॅन डू. थ्री वीक्स, मे बी फोर. सेंड हिम होम. टेल द फॅमिली व्हेन दे कम." मग ते काकांकडे बघून मऊ हसले आणि त्यांनी कठड्यावर टकटक केली.

आता करण्यासारखं काही उरलं नाही. तीन आठवडे, फार तर चार. घरी पाठवा. घरचे आले की त्यांना सांगा.

मावशींच्या हातातलं फडकं बादलीबाहेर पडलं. आधी वाटलं, आपलंच चुकलं असेल, सात महिन्यांचं इंग्रजी ते काय. त्यांनी मनात वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. प्रत्येक शब्द ओळखीचा होता. 'नथिंग' तर गेल्याच आठवड्यात दहा वेळा लिहून दिला होता.

राऊंड गेला. काकांनी उशीवरून मान उचलली. "हं, मावशी? काय म्हणाले?"

"ऐकू नाही आलं," मावशी म्हणाल्या. फडकं उचललं आणि वॉर्ड अर्धा पुसायचा ठेवून निघून गेल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा दुसरा राऊंड झाला नाही.

धोबीखोलीत चादरींच्या गाठोड्यावर त्या बसल्या.  टकटक म्हणजे निरोप होता. ज्याचं काही करता येत नाही, त्याच्याशीच डॉक्टर मऊ बोलत होते. आणि घरी तर सगळेच गेले होते, म्हणून मावशींचं कधी चुकलं नाही. घरी जाऊन पुढे काय झालं, ते बघायला फाटकाबाहेर कोण गेलं होतं?

एकेक चेहरा समोर यायला लागला. एक बसचालक होता, त्यानं मावशींचं ऐकून परदेशातल्या भावाला तिकीट रद्द करायला लावलं होतं. एक सुतार होता. "बरा झालो की तुम्हाला पुसायला बसायचं छोटं स्टूल करून आणतो" म्हणाला होता आणि जाताना मावशींच्या गुडघ्याचं माप दोरीनं घेऊन गेला होता. स्टूल आलं नाही. मावशी दोन वर्षं मनातल्या मनात त्याच्यावर रागावून होत्या. लोक काम झालं की विसरतात, असं घरी बोलूनही दाखवलं होतं.

आणि आता काका. डॉक्टर थांबले होते मुलगी आली की सांगायला. मुलगी येत नव्हती, कारण मावशींनी सगळं छान आहे म्हणून सांगितलं होतं. म्हणजे कुणीच कुणाला सांगणार नव्हतं, आणि तीन आठवडे निघून जाणार होते.

संध्याकाळी वर्गात सगळे यायच्या आत मावशी बाईंच्या टेबलापाशी गेल्या. "एक वाक्य म्हणते. बरोबर आहे का तेवढं सांगा." आणि त्यांनी डॉक्टरांचं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत म्हणून दाखवलं.

ऑपरेटरबाई खूश झाल्या. "वा, मावशी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आज तुम्हाला पैकीच्या पैकी." मग त्यांनी मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कुणी म्हटलं हे?"

मावशींनी सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"बरे होऊन घरी जाणार."

बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "आम्ही लाइन जोडून द्यायचो. कधी कानावर पडायचं, पलीकडून वाईट बातमी येतेय. वाटायचं, वायर काढून घ्यावी. पण ते आमचं काम नव्हतं. ज्याचा फोन त्याला जोडून द्यायचा आणि आपण मधे बोलायचं नाही."

"मी अठरा वर्षं मधेच बोलत आलेय," मावशी म्हणाल्या, आणि त्या दिवशी वर्गाला न बसता घरी गेल्या. नवऱ्यानं दाराला नमस्कार केला, तरी त्या हसल्या नाहीत.

बुधवारी सकाळी त्यांनी आधी सिस्टरला गाठलं. काकांना खरं सांगायला हवं, म्हणाल्या. सिस्टर म्हणाली, "ते आपलं काम नाही, मावशी. घरचे आले की डॉक्टर सांगतील."

"घरचे येणार नाहीत. मी येऊ नका म्हणून सांगितलंय."

सिस्टरच्या हातातला थर्मामीटर तसाच राहिला. "तुम्ही? कुणाच्या सांगण्यावरून?"

"डॉक्टरांच्या बोटांच्या," मावशी म्हणाल्या. सिस्टरला ते काही झेपलं नाही, आणि तेवढ्यात राऊंड आला.

नऊ नंबरपाशी सगळे उभे राहिले. डॉक्टरांनी फाइल बघितली, मऊ हसले, हात कठड्याकडे गेला.

"सर," मावशी म्हणाल्या.

राऊंड थांबला. अठरा वर्षांत मावशी मोठ्या डॉक्टरांशी बोलल्या होत्या त्या फक्त "सर, जपून, फरशी ओली आहे" एवढंच.  काकांच्या समोर आपल्या भाषेत बोलायची हिंमत होईना, म्हणून त्या इंग्रजीत बोलल्या. वर्गाबाहेर बोललेलं त्यांचं ते पहिलं इंग्रजी. "फॅमिली नॉट कमिंग, सर. आय टोल्ड हिम, गुड. यू डू टकटक, आय टेल, गुड. एटीन इयर्स. आय ॲम राँग. प्लीज, यू टेल."

डॉक्टरांची बोटं कठड्यावर तशीच थांबली. ते आपल्याच बोटांकडे बघत राहिले. 

"तुम्हाला कळतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कालपासून."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. या बाईसमोर आपण अठरा वर्षं काय काय बोललोय, ते सगळं त्यांना आठवत असावं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि काकांजवळ बसले. "काका," ते म्हणाले, "तुमचं जे दुखणं आहे, ते म्हणजे... आपण औषधं तर देतोच आहोत, पण आता ते..." आणि अडकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकले. काल हेच वाक्य इंग्रजीत कसं घडाघडा आलं होतं. एवढा शिकलेला माणूस, आणि आईच्या भाषेत हे कधी कुणाला सांगितलंच नव्हतं त्यांनी. त्यांनी मान वर करून मावशींकडे पाहिलं.

काकाही मावशींकडेच बघत होते. "काय म्हणाले?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, पण आवाज बारीक झाला होता.

मावशींनी फडकं खाली ठेवलं. "म्हणाले, आता औषधानं बरं होणार नाही. तीन आठवडे. फार तर चार. तुम्हाला घरी पाठवायचंय, आणि मुलीला सांगायचंय."

काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि ते आठ दिवसांत बरं होऊन घरी?"

"घरी पाठवणार हे खरं होतं. बाकीचं माझं होतं."

"मी तिला तीनदा येऊ नको म्हटलं, मावशी." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मावशींना सोपं गेलं असतं. "शुक्रवारी निघाली असती, तर एव्हाना इथे बसलेली असती."

 मावशींच्या मनात माफी मागायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. डॉक्टर उठून गेले नाहीत. तेही मान खाली घालून बसून राहिले.

"फोन लावा," काका म्हणाले.

मुलगी वर्गावर होती. दुसऱ्यांदा लावल्यावर तिनं उचलला. या वेळी कधी फोन येत नाही म्हणून आवाज घाबरलेला. "बाबा? काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?"  काकांनी फोन मावशींच्या पुढे धरला.

मावशींनी सांगितलं. शुक्रवारी आपण खोटं बोललो तेही सांगितलं. डॉक्टरांच्या वाक्यात काही भर घातली नाही आणि काही गाळलं नाही. पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता, मग दार लागल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. शेवटी मुलगी एवढंच म्हणाली, "निघते मी." फोन काकांच्या हातात परत देऊन मावशी धोबीखोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि पोटभर रडल्या.

गुरुवारी रात्रीच्या गाडीनं मुलगी आली. शुक्रवारी सकाळी ती खाटेजवळ बसून वडिलांची नखं कापत होती तेव्हा राऊंड आला. डॉक्टर आपल्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलले, अडखळत, मग शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत काहीतरी बोलले आणि निघाले. कठड्याला हात लावला नाही.

मावशी खाली मान घालून पुसत पुसत नऊ नंबरशी आल्या. बुधवारपासून त्या काकांशी कामापुरतं बोलत होत्या. पुढे सरकणार, तेवढ्यात काकांनी मान उचलली.

"मावशी, इंग्रजीत काय म्हणाले?"

"बीपी ठीक आहे म्हणाले. मऊ जेवण द्या. सोमवारी घरी."

"आणि?"

"आणि काही नाही."

 "पूर्वी तुमचे डॉक्टर जास्त बोलायचे," काका म्हणाले.

मुलीनं नखं कापायचं थांबवून दोघांकडे पाहिलं. मावशींनी फडकं पिळलं आणि त्या दहा नंबरकडे वळल्या. तिथला माणूस कालच दाखल झाला होता आणि कोपरावर उठून त्यांची वाटच बघत होता.